पुढचं काडतूस

“अजून थोडी दारू वाढवली तर काय होईल, उस्ताद?”

इमामबक्ष शिकलगारांनी मान वर केली. चांदमारीच्या माळावर बाभळीच्या सावलीत ते मांडी घालून बसले होते. समोर चटईवर त्यांचा शिष्य हैबती निकम पालथा पडला होता. खांद्याशी त्याने स्वतः घडवलेली लांब नळीची रायफल होती.

“तुला काय व्हायला हवंय?” त्यांनी विचारलं.

“गोळी आणखी जोरात जायला हवी.”

“कुठे?”

हैबतीने ओढ्यापलीकडच्या टेकडीकडे बोट दाखवलं. तिथे एक लोखंडी तवा टांगला होता. नुसत्या डोळ्यांना तो ठिपक्याएवढा दिसत होता.

“तिथे तर ती सकाळपासून जातेच आहे,” उस्ताद म्हणाले.

हैबतीने पुन्हा दस्त्याला गाल लावला.

इमामबक्ष संस्थानच्या शस्त्रागाराचे, शिलेखान्याचे, मुख्य कारागीर. संस्थानातली एकही बंदूक त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय शिकारीला निघत नसे. हैबती ऐन तारुण्यात त्यांच्याकडे आला, कानस चालवण्यापासून शिकला, आणि आता लोक उस्तादांच्या जोडीने त्याचंही नाव घेऊ लागले होते. ते त्याच्या कानावर येत होतं.

ही रायफल त्याने शिलेखान्याचं काम सांभाळून, उरल्या वेळात घडवली होती. शिसवीचा दस्ता, जाड आणि लांब नळी. पण त्याचा खरा अभिमान काडतुसात होता. नेहमीच्या काडतुसाची पितळी पुंगळी पुढे निमुळती होत जाते. हैबतीने नळीतलं काडतुसाचं घर मागून कोरून रुंद केलं होतं. पहिल्या बाराला पुंगळी त्या घरात फुगायची, तिच्या बाजू सरळ व्हायच्या, खांदे वर यायचे. मग तेवढ्याच लांबीच्या पुंगळीत दारू जास्त मावायची. बुडाशी ठिणगीची टोपी बसवणं, दारू तोलणं, गोळी दाबणं, सगळं तो स्वतःच करी.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या संस्थानचे पाहुणे यायचे होते. याच माळावर नेमबाजीची शर्यत होती. पाहुण्यांकडे विलायतेहून मागवलेली रायफल होती, आणि हैबतीला तिच्यापेक्षा वेगवान गोळी हवी होती.

सकाळी त्याने कमी दारूपासून सुरुवात केली होती. थोडी थोडी वाढवत गेला. मध्येच एका मापाला जवळच्या फळीवर सगळी भोकं अशी शेजारी शेजारी पडली की वर रुपया ठेवला तर झाकली जावीत. उस्तादांनी दुर्बीण खाली ठेवली आणि म्हणाले होते, बस, हेच माप.

हैबती थांबला नव्हता.

आता शेवटच्या बारानंतर, काडतूस मागून बंद करणारा रायफलचा खटका उघडेना. तळहाताचा ठोसा मारून उघडावा लागला. बाहेर आलेल्या पुंगळीची टोपी आतल्या जोराने चेपून अगदी सपाट झाली होती. त्याने ती पाहिली आणि चटईच्या कडेला टाकली.

“खटका जड गेला,” उस्ताद म्हणाले.

“ऊन आहे, उस्ताद. लोखंड तापलंय.”

“आणि दारू? तापली की ती जास्त जोर करते.”

भरलेली काडतुसं फडक्यावर उन्हातच मांडलेली होती.

हैबतीने मान वळवली. आवाज चढवला नाही, अदबही सोडली नाही. म्हणाला, “रायफल माझी आहे, उस्ताद. जीवही माझाच. तुम्ही थोडं लांब बसा.”

…

इमामबक्ष उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. पण लांब गेले नाहीत. चटईपाशी आले.

“ऊठ.”

हैबती उठला. त्याला वाटलं, आता रायफल उचलून घेऊन जातील. काय उत्तर द्यायचं तेही त्याने मनाशी जुळवलं.

उस्ताद चटईवर पालथे झोपले. रायफल खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला. मग मागे न बघता उजवा हात पसरला.

“दे. पुढचं काडतूस.”

हैबतीने वाकून काडतूस उचललं. आणि हात तिथेच थांबला.

“तुमचा खांदा दुखतो, उस्ताद. मीच उडवतो.”

“काडतूस चांगलं आहे ना?”

“चांगलं आहे.”

“मग दे.”

…

उन्हाने तापलेलं पितळ त्याच्या मुठीत चटके देत होतं. त्याने उस्तादांकडे पाहिलं. पांढरी दाढी शिसवीवर दबली होती. डोळा खटक्याच्या मागे, वीतभर अंतरावर. सकाळपासून त्याच जागी त्याचा स्वतःचा डोळा होता. ते अंतर त्याला एकदाही दिसलं नव्हतं.

“नको,” तो म्हणाला.

“काय?”

“नको, उस्ताद. उठा तिथून.”

उस्तादांनी रायफल खांद्यावरून काढून चटईवर ठेवली. मग पसरलेला हात उठण्यासाठी पुढे केला. हैबतीने दोन्ही हातांनी धरून त्यांना उभं केलं, आणि उभे राहिल्यावरही हात सोडला नाही.

मग ते सावलीत जाऊन बसले.

हैबतीने भरलेली काडतुसं गोळा करून सावलीत आणली. एकेका काडतुसातून गोळी उपसली, दारू मातीत ओतून टाकली. ते झाल्यावर मघाची पुंगळी आठवली. चटईच्या कडेवरून उचलून त्याने ती तळहातावर उलटी केली.

टोपी आपोआप गळून हातावर पडली.

जी टोपी औजाराने ठोकून काढावी लागते, ती पिकल्या बोरासारखी सुटून आली होती. बुडाचं पितळ ताणलं गेलं होतं. त्याचा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता. पुढच्या बाराला आग पुढे गेली नसती. मागे आली असती.

तो उस्तादांजवळ जाऊन बसला. उस्तादांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. तो घटाघटा प्यायला. मग त्याला हसू आलं, आवरेना इतकं. हसता हसता डोळे भरून आले. माळावर वारा सुटला होता, बाभळीच्या शेंगा वाजत होत्या, आणि हे सगळं आपल्याला ऐकू येतंय, दिसतंय, याचंच त्याला नवल वाटत होतं. कित्येक महिने छातीवर बसलेलं, सगळ्यांच्या पुढे जायचं ओझं उतरून गेलं होतं.

उस्तादांनी पानाचा डबा उघडला. एक विडा स्वतः घेतला, एक त्याला दिला.

ऊन उतरल्यावर हैबतीने उस्तादांनी सकाळी सांगितलेलंच माप तोललं. काडतुसं सावलीत ठेवली. मग चटईवर झोपून टेकडीवरच्या तव्यावर बार काढला. क्षणभर काही नाही… आणि मग पलीकडून टण्ण असा आवाज आला. दुसऱ्या बारालाही आला. तिसऱ्यालाही. खटका प्रत्येक वेळी दोन बोटांनी उघडला.

दुसऱ्या दिवशी शर्यत झाली. विलायती रायफल पहिली आली, हैबतीची दुसरी. महाराजांनी विचारलं, तुझ्या रायफलमध्ये आणखी जोर नाही का? हैबतीने हात जोडून सांगितलं की आहे, पण त्याची गरज नाही. महाराज हसले आणि पुढे गेले. आपण हरलो याचं आपल्याला काही वाटत नाही, हे हैबतीला तेव्हा जाणवलं, आणि आणखीच हलकं वाटलं.

संध्याकाळी दोघे छकड्यातून शिलेखान्याकडे परतत होते. रायफल गवसणीत घालून मध्ये आडवी ठेवली होती. 

“उस्ताद, तुम्ही खरंच चाप ओढला असता?”

“ओढला असता.”

छकडा ओढ्यातून पार झाला. बैल पाण्यात थबकले, पुन्हा चालू लागले.

“आणि मी ते काडतूस तुमच्या हातात दिलं असतं तर?”

इमामबक्षांनी गवसणीवरची धूळ झटकली.

“तर मी तुला काय शिकवलं, ते मला कळलं असतं.”