शंभर पानांचे रान

एका राज्यात भुजंगनाथ मांत्रिकाने सात हंडे सोने रानात पुरले आणि ते कुणाला सापडू नये म्हणून रानाला शाप दिला. त्या दिवसापासून आत जाणाऱ्याला सगळी झाडे एकसारखी दिसू लागली. लाकूडतोडे गेले, ते परतले नाहीत. त्यांना शोधायला शिपाई गेले, तेही परतले नाहीत. मग राजा सोमकेतूने रानाला काटेरी कुंपण घातले. सात वर्षे लोटली. नगरातली मुले रान न पाहताच वाढली.

राजवाड्यातली चितारीण हौसा हिचा भाऊ त्या हरवलेल्यांत होता. एके सकाळी ती कुंपणापाशी उभी असताना एक धनेश पक्षी येऊन बसला आणि बोलला,

"तीन गोष्टींनी शाप उतरेल. रानातली शंभर पाने कागदावर काढावीत, एकासारखे दुसरे नसावे. ओली फांदी न मोडता रानात घर बांधावे. आणि रानाने न ऐकलेली गोष्ट रानाला सांगावी."

हौसाने तिथेच बसून कुंपणाआडची पाने काढली. शंभरही एकसारखी उतरली.

धनेश म्हणाला, "तुझा हात राजवाड्याच्या भिंतीवरची पाने काढतो. ज्यांनी रान पाहिलेच नाही, त्यांना आण."

हौसा राजाकडे गेली. राजा म्हणाला, "मोठी माणसे गेली. आता मुले पाठवू?"

"मी पुढे चालेन, महाराज. माझ्या कमरेला दोर बांधा आणि दुसरे टोक तुमच्या हाती ठेवा."

अकरा घरांनी मुले पाठवायला होकार दिला. राजा स्वतः दोर धरून कुंपणापाशी बसला.

पहिल्या दिवशी हौसाला एकच झाड हजार वेळा दिसत होते. मुलांना तसे दिसत नव्हते. "याला करवतीसारखे दात आहेत," एकजण म्हणाला. "हे मागून लवदार आहे," दुसरी म्हणाली. हौसा एवढेच सांगे, "घाई नको. बघा, मग काढा." सांज होईतो शंभर पाने भरली.

दुसऱ्या दिवशी मुलांनी काटकीने मातीत घराचा नकाशा आखला. पडलेल्या फांद्या वेलींनी बांधल्या. घर दोनदा कोसळले. एक ओली फांदी मोडली असती तर काम भागले असते. हौसाचा हात तिथवर गेला, पण तिने तो आवरला. तिसऱ्यांदा घर उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी हौसाने शूर राजाची गोष्ट सांगितली. "ऐकलेली आहे," धनेश म्हणाला. तिने राक्षसाची सांगितली. तीही ऐकलेली निघाली. तेव्हा सहा वर्षांची गोदू उठली.

"एक पान होतं. ते अळीने खाल्लं होतं. मी त्याचं भोक काढायला गेले, तर कागदच फाटला. मी रडले. हौसामावशी म्हणाली, भोक तर झालंच की. संपली."

"ही ऐकलेली नव्हती," धनेश म्हणाला. हौसाने वर पाहिले. समोर पळस होता, त्यापलीकडे बेहडा, त्यापलीकडे मोह. झाडांमधून माणसे येऊ लागली. तिचा भाऊ आला. त्याची दाढी छातीपर्यंत वाढली होती. तिने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सगळ्यांच्या मागून एक हाडांचा सापळा झालेला म्हातारा आला. तो भुजंगनाथ होता.

"हंडे बघायला आत गेलो," कुंपणापाशी आल्यावर तो राजाला म्हणाला, "आणि मलाच सापडले नाहीत. सात वर्षे हिंडतो आहे."

राजाने कुंपण काढवले. हंडे उकरून हरवलेल्यांच्या घरी वाटले. दर महिन्याला हौसाने नगरातली मुले रानात न्यावीत, असा हुकूम झाला. मांत्रिकाला राजाने शिक्षा दिली, की त्याने आयुष्यभर त्या मुलांसाठी रंग खलावेत. भुजंगनाथ रंग चांगले खलतो, असे पुढे सगळेच सांगू लागले.