भाजलेल्या चिंचोक्याचं झाड

बोरघळच्या शिवेवर, डांबरी सडक संपून मातीचा रस्ता सुरू होतो तिथं, एक जुनी चिंच आहे. तिचं खोड शिवेच्या दगडाला असं बिलगून वाढलंय की दगड कुठं संपला आणि झाड कुठं सुरू झालं, ते कळू नये. हे झाड भाजलेल्या चिंचोक्यातून उगवलं, असं सांगतात. भाजलेला चिंचोका उगवत नाही हे बोरघळच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तरी सांगतात. पाहुणे आले की म्हातारी गुणाबाई त्यांना सावलीत बसवते, स्वतः गुडघे चोळत खाली टेकते आणि सुरू करते.

फार मागं, म्हणे, गावाचा दंडक होता: नव्या नवरीनं माहेरचा खाऊ शिवेच्या आत आणायचा नाही. माहेरचा दाणा आत आला की मन बाहेर राहतं. वऱ्हाड इथं थांबायचं, नवरी पदराची गाठ सोडून दगडापाशी झटकायची आणि रिकाम्या पदरानं गावात शिरायची. दिवस मावळल्यावर मात्र नवरी आत घेत नसत. ती आल्या वाटेनं परत.

गोदी नावाची नवरी आली ती उन्हातान्हातून चालून. पाय सुजलेले, हळद घामानं उतरलेली. लग्नात सगळ्यांच्या पाया पडून पडून तिची कंबर धरली होती, आणि कुणाकुणाच्या पडलो हे आता तिला आठवतही नव्हतं. आठवत होती ती पहाटेची चूल. आईनं राखेत चिंचोके भाजले, टरफलं काढली आणि तिच्या पदरात बांधले. द्यायला घरात दुसरं काही नव्हतंच. लहानपणी गुरं राखताना गोदीच्या गालात कायम एक चिंचोका असायचा. सकाळी ठेवलेला दुपारपर्यंत पुरायचा. आई एवढंच म्हणाली, "दातानं फोडू नको गं. गालात धर. होतो मऊ."

दगडापाशी सासू साळूबाई म्हणाली, "झटक पदर."

गोदीनं दमलेल्या आवाजात विचारलं, "खाऊन संपवले तर चालंल का, आत्याबाई?"

दंडकात याचं उत्तर नव्हतं. "पोटातलं कोण बघतंय," कुणीतरी म्हणालं. गोदी दगडावर टेकली आणि पहिला चिंचोका गालात धरला.

वऱ्हाडाला वाटलं, घटकाभराचं काम. पण चिंचोका तो! उन्हं कलली. वाजंत्र्यांनी सनया गुंडाळून ठेवल्या. नवरा बैलांना पाणी दाखवून आला, मग पुन्हा दाखवून आला.

"चाव की लवकर!"

"चाववत न्हाईत, आत्याबाई."

"सून आणली का खलबत्ता, साळूबाई?" बायका खिदळल्या.

साळूबाई तडकली. "मावळतीच्या आत उठली नाहीस तर जा माघारी आईकडं!"

गोदीनं पदर पाहिला. अजून मूठभर होते. माघारी गेली तर आईला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. आणि गोदी आता इतकी थकली होती की रडायलाही बळ नव्हतं. ती उठली, गाठ सोडली, पदर झटकायला हात वर केला.

तो हात साळूबाईनंच धरला, म्हणे.

"माझ्या लाह्या होत्या," ती दगडाकडं बघत म्हणाली. "जोंधळ्याच्या. इथंच सांडल्या. मुंग्यांनी एकेक करून नेल्या, आणि मी नुसती उभी राहून बघत होते. आण हिकडं."

तिनं एक चिंचोका गालात टाकला. मग जाऊबाईनं हात पुढं केला, मग चुलतसासूनं, मग खिदळणाऱ्या बायकांनीही. कुणाचे फुटाणे इथं पडले होते, कुणाचा गुळाचा खडा. सगळ्यांचे गाल फुगले आणि टोमणे आपोआप थांबले. सूर्य टेकला तेव्हा बायकांचा तो मुका घोळका शिव ओलांडून गेला. दंडक मोडून माहेरचा दाणाही सगळ्यांच्या गालात बसून गावात शिरला. मागं एकच चिंचोका दगडापाशी पडला. पुढच्या पावसाळ्यात तिथं कोंब आला.

"भाजलेल्याला कोंब कसा?" पाहुणे विचारतात.

"एखादा कच्चा राहिला असंल," गुणाबाई म्हणते. "आईचं लक्ष काय त्या दिवशी चुलीवर असतं होय?"

आजही बोरघळची नवरी इथं गाडीतून उतरते. लहानपणीचा खाऊ सोबत आणते आणि सासूसोबत बसून खाते. संपेपर्यंत कुणी घाई करायची नाही, हा नवा दंडक. परवाच्या नवरीनं दुकानातल्या पिवळ्या कुरकुरीत नळ्या आणल्या होत्या, पोरं बोटांत घालून खातात त्या. ती एवढी दमली होती की पाकीट फोडून नुसतीच बसून राहिली. सासूनं जरा इकडंतिकडं पाहिलं, पाकिटात हात घातला, आणि दहाही बोटांत नळ्या घालून तिच्यासमोर धरल्या.