पाभरीची घाई

अवजारं बोलायची त्या काळची गोष्ट. परतीचा पाऊस उघडताच पेरणीची पाभर उतावीळ झाली. “कुळवदादा, चला! शेजारची पाभर पुढं जाईल.”

ढेकळं फोडणारा म्हातारा कुळव म्हणाला, “बाई, घरात ज्वारीचं बी एवढंच. वाफसा येऊ दे. धनी मातीचा गोळा करून टाकतो ना? तो पडताच फुटला, की रान पेरणीजोगं झालं.”

“तुम्हाला पडून राहायला निमित्तच हवं!” म्हणत ती ओल्या रानात उतरली. चिखलानं नळ्या बुजल्या, बी आतच अडकलं आणि मागं नुसत्या रेघा उमटल्या.

“बी वाचलं, हे नशीब,” कुळव एवढंच म्हणाला.

उन्हानं रान सुकलं. धन्यानं गोळा टाकला, तो फुटला. बांधावरून पाभर हळूच म्हणाली, “धनी, अजून एकदा टाका.”