वाकणारे बगळे

फार फार वर्षांमागे चीनच्या बांबूवनात पांडामहाराजांना रेल्वे हवीशी झाली, पण तिजोरीत खडखडाट. समुद्रापलीकडच्या बगळ्यांचा राजदूत कर्ज घेऊन हजर झाला. अट एवढीच, की कर्ज फिटेपर्यंत इंजिनिअरपासून तिकीटबाबूपर्यंत सगळे बगळेच असतील.

"मग आपलं काय उरलं, महाराज?" प्रधान कासवानं विचारलं.

"मान!" महाराज गरजले. "प्रत्येक बगळ्यानं माझ्यापुढे तीनदा वाकलं पाहिजे!"

राजदूतानं तत्काळ मान्य केलं. बगळ्यांना वाकायचं काय मोठंसं? मासा टिपताना ते रोजच वाकतात. महाराजांनी खुशीत शिक्का मारला.

पहिली गाडी सुटायच्या वेळी महाराज ऐटीत डब्यात चढू लागले. दारातला बगळा चोच जमिनीला टेकेपर्यंत तीनदा वाकला आणि अदबीनं म्हणाला, "महाराज, तिकीट?"