बगळ्याचा अंदाज

माणसांनी तळी बांधायच्याही आधीची गोष्ट. एका तळ्यावर बगळ्यांचा थवा राही. त्यांचा म्होरक्या रोजची शिकार मोजून पुढचा अंदाज सांगे.

"परवा दहा मासे, काल वीस, आज चाळीस! उद्या ऐंशी. पाहुण्यांनाही बोलवा."

काठावरची टिटवी म्हणाली, "दादा, पाणी आटतंय. मासे वाढले नाहीत, दाटीमुळे सापडतायत. पिल्लांची पोटं भरलेली आहेत तोवर नदीकडे निघा. वाट दोन दिवसांची आहे."

"तू ओरडायलाच जन्मलीस," म्होरक्या हसला.

दुसऱ्या दिवशी खरंच ऐंशी मासे मिळाले. पाहुणेही जेवले.

आठवड्याभरात तळ्यात नुसता चिखल उरला. म्होरक्यानं आणखी तीन दिवस वाट पाहिली, मग टिटवीकडे आला. "ताई, नदी कुठल्या दिशेला?"

टिटवीनं दिशा दाखवली. मग त्याच्या उपाशी पिल्लांचे लोंबते पंख पाहून ती म्हणाली, "वाट अजूनही दोन दिवसांचीच आहे, दादा. पण हे पंख आता तेवढं उडणार नाहीत."