दहा वर्षांचा डबा

“दहा वर्षं म्हणजे किती रे, विश्राम?”

“दहा म्हणजे दहा, बुवा. लेपाच्या डब्यावरच छापलंय.”

बुवांनी मान डोलावली. त्यांना ‘नाही’ म्हणता येत नसे. ते ‘बरं’ म्हणत, आणि गोष्ट राहून जाई.

खाडीकाठच्या मठापुढे विश्रामने सागवानी फळ्यांचा ओटा बांधला होता. बुवांचे गुडघे धरले होते. जमिनीवर बसले की उठवत नसे. आता ते ओट्याच्या कडेला पाय सोडून भरती बघत बसत. फळ्या मात्र अजून कोऱ्या होत्या. उन्हापावसात टिकायच्या तर त्यांना काहीतरी लावायलाच हवे होते.

विश्राम पोरका. याच मठात वाढला, बुवांनीच त्याला सुताराच्या हाताखाली घातले. आता लाकूडकामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. हे इतरांपेक्षा त्यालाच जरा जास्त ठाऊक होते. परवा तो कामासाठी मस्कतला निघायचा होता.

त्याने दोन तुकड्यांवर नमुने लावून आणले होते.

“हा लेप बघा. टाका पाणी.”

बुवांनी तांब्या कलता केला. पाणी घरंगळून गेले.

“आणि हे दुसरं?”

“साधं जवसाचं तेल. लाकूड पितं, पण उन्हानं सुकतं. दरसाल पुन्हा लावत बसा. नसता व्याप.”

“लेपाला व्याप नाही?”

“एकदा लावला की दहा वर्षं बघायला नको.”

“कुणाला बघायला नको?”

“कुणालाच. तुम्हाला नको… मलाही नको.”

बुवांनी लेपाच्या तुकड्यावर नख ओढून पाहिले.

“आणि लेप उखडला तर?”

“मग सगळा खरवडून काढायचा. कोरं लाकूड लागेपर्यंत. त्याशिवाय नवा बसत नाही.”

“तेल सुकलं तर?”

“त्याच्यावरच दुसरा हात मारायचा.”

“खरवडायचं नाही?”

“नाही.”

“बरं…”

हे ‘बरं’ ऐकून विश्राम अस्वस्थ झाला. तो बुवांच्या पायाशी बसला.

“बुवा, तुम्ही घास भरवलात, हाताला काम दिलंत. तिकडून कधी यायला मिळेल, सांगवत नाही. एक काम तरी असं करून जातो, की पुन्हा हात लावायला नको. जाताना मनाला घोर नको.”

“उतराई होऊन जायचंय म्हण.”

“तसं म्हणा.”

“माझे गुडघे तुझ्या लक्षात राहिले, विश्राम. हा ओटा बांधलास तेव्हा मी देवापुढे बसून रडलो. आनंदानं. तुला सांगितलं नव्हतं.”



बुवांनी लेपाच्या डब्याचे झाकण तळहाताने दाबून घट्ट बसवले आणि डबा त्याच्याकडे सरकवला. मग उपरण्याचा काठ फाडला, विश्रामने आणलेल्या तेलात बुडवला, आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांवर ओणवे होऊन पहिली फळी पुसायला लागले.

“बुवा, उठा. मी करतो.”

“तू तिकडून ये. मी इकडून येतो.”

सांगून थकल्यावर विश्रामने दुसरी चिंधी घेतली. दोघे दोन टोकांनी सरकत राहिले. कोरडे सागवान तेल पीत होते, फळीफळीवर रेषा उमटत होत्या. मधल्या फळीपाशी दोघांचे हात भेटले. विश्रामने वाकून बुवांचे तेलकट हात आपल्या डोळ्यांना लावले.

तरी सुतार तो सुतारच.

“बुवा, ऊन बघताय ना इथलं? हे वर्षभरसुद्धा टिकायचं नाही.”

“हो ना,” बुवा म्हणाले. “म्हणजे पुढच्या वर्षी तुला यावं लागेल.”