पडदे उघडायचे नाहीत

"पॉलिहाउसचे पडदे उघडायला बायकांना तुम्हीच सांगितलंत ना, अप्पा?"

चंद्रशेखर बिराजदार चपला न काढताच मठाच्या ओसरीवर चढला होता. लहानपणी तो याच अप्पास्वामींच्या पायाशी बसून शिकला. आता डिस्टिलरीचा मोठा इंजिनिअर होता, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"मीच सांगितलं," स्वामी म्हणाले. "काल गिरिजा मिरची तोडता तोडता चक्कर येऊन पडली की रे."

"नाटकं आहेत सगळी."



डिस्टिलरीचा कार्बन डायऑक्साइड पूर्वी हवेत जायचा. शेखरने तो धरला, पाइपने शेजारच्या पॉलिहाउसमध्ये सोडला, आणि तो गॅस खाऊन ढोबळी मिरची अशी माजली की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. मग हाव सुटली. ठरल्यापेक्षा गॅसचा कॉक जास्तच उघडला जाऊ लागला. आत पडदे बंद करून बायका मिरची तोडायच्या. हा शहाणा बाहेर केबिनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकायचा.

"पडदा उघडला की गॅस उडून जातो, अप्पा. माझी सगळी मेहनत मातीत. त्या बायका तुमचंच ऐकतात. सांगा त्यांना."

"सांगतो. आधी मला आत ने."

पॉलिहाउसबाहेर बायका सावलीला बसल्या होत्या. गिरिजाने डोक्याला फडकं करकचून बांधलं होतं. साहेब आला तरी कुणी उठलं नाही. शेखरला ते फार झोंबलं.

आत गेल्यावर त्याने पडदे बंद केले आणि नेहमीइतका कॉक सोडला. स्वामींनी गिरिजाची कात्री त्याच्या हातात दिली.

"ही ओळ तोड."

"मी?"

"तूच."

गुरूला नाही म्हणता येईना. चरफडतच तो तोडू लागला. निम्मी ओळ झाली आणि डोकं जड झालं. छातीत हवा पुरेना. घाम डोळ्यांत उतरला, मिरच्या अंधुक दिसू लागल्या. शेखर घाबरला. क्रेट टाकून तो पडद्याच्या हँडलकडे धावला.

हँडल स्वामींनी धरून ठेवलं होतं. त्यांनाही धाप लागली होती. इतक्या संतापलेल्या अप्पांना शेखरने जन्मात पाहिलं नव्हतं.

"उघडा, अप्पा... जीव जाईल माझा."

स्वामींनी हात काढला नाही.

"थांब. मिरचीचं पोट भरू दे."